तोंडावर बोट

बाकाचं काय करायचं यावरून त्या रविवारी सकाळपासून तीनदा भांडण झालं होतं, आणि अजून उपासनेचे कपडेसुद्धा कुणी बदलले नव्हते.

"आज तो बाक तुटणार," दादा म्हणाला. बाह्या दुमडून तो अंगणाच्या दारात उभा होता, हातात करवत. "मग बसा कुठे बसायचं ते."

"बाकाने तुझं काय केलंय?" आई म्हणाली. ती बाबांच्या खाटेशी बसून त्यांना चमच्याने सूप भरवत होती. अर्धं आत जात होतं, अर्धं ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून परत येत होतं आणि ती ते न बोलता टिपत होती. "लाकूड आहे ते. त्याच्यावर राग काढून तुझ्या बापाची जीभ परत येणार आहे का?"

"बाकाने काही केलं नाही. बाकावर बसलेल्यांनीही काही केलं नाही. तेच तर म्हणतोय मी!"

"दादा, ती करवत लोखंड कापायची आहे," धाकटा म्हणाला. तो बस चालवायचा, म्हणून घरात सगळे त्याला डायव्हरच म्हणत. "तिने बाक कापायला बसलास तर पुढच्या रविवारीच उठशील."

कुणी हसलं नाही. एरवी डायव्हरच्या असल्या बोलण्यावर सगळ्यात आधी बाबा हसायचे, खांदे हलवत, आवाज न करता. बाईची नजर आपोआप खाटेकडे गेली. बाबांचा डावा डोळा खिडकीबाहेर लागला होता. उजवा नुसताच उघडा होता.

बाई म्हणजे दादाच्या पाठची आणि डायव्हरच्या आधीची. दुसरीच्या वर्गाला शिकवता शिकवता तिचं घरातलं नावही बाईच पडलं होतं. आईसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारायची. सकाळपासून तिन्ही भांडणांत ती एक शब्द बोलली नव्हती. तिच्यासारख्या बाईने, जिचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत पोचतो, तिने गप्प राहावं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण घरात गप्प बसलेलं आणखी एक माणूस होतं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. दादाची आठ वर्षांची मुलगी, जिला दिवसभराच्या प्रश्नांमुळे टिकटिक म्हणायचे, ती तीन आठवडे बोलली नव्हती.

"पाळकसाहेब म्हणाले, देवाची इच्छा," दादा म्हणाला. "देवाची कसली? ह्या घराच्या नियमाची इच्छा! बाहेर कुणाला सांगायचीही चोरी. बाप तुमच्यात बसून आडवा झाला आणि तुम्ही काय करत होता? तर मुंग्या बघत होतो!"

"तू कुठे होतास ते पण सांग बाहेर," आई शांतपणे म्हणाली.

दादाने करवत उंबऱ्यावर ठेवली. बराच वेळ कुणी तिला हात लावला नाही.

*

नियम आजोबांचा, म्हणजे बाबांच्या वडिलांचा होता. अंगणापलीकडच्या वर्कशॉपातला पहिला लेथ त्यांनी बसवला, आणि वर्षभरात त्यांच्या कानात रिकाम्या वेळीही यंत्र फिरायला लागलं. तेव्हा त्यांनी ठरवलं. सहा दिवस यंत्र बोलतं, सातव्या दिवशी ते बंद. आणि नुसतं यंत्र बंद ठेवून भागत नाही, माणसानेही तासभर गप्प बसावं, म्हणजे देवाला आत शिरायला फट मिळते. जेवणं झाली की सगळ्यांनी अंगणातल्या बाकावर बसायचं. बोलायचं नाही. डोळा लागला तर लागू द्यायचा. विश्रांती हीसुद्धा प्रार्थनाच, म्हणून झोपलेल्याला उठवायचं नाही. आणि तास संपला की लहानापासून सुरुवात करून प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, जी त्याने ह्या तासाभरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. माणसाने केलेली नको, देवाने केलेली हवी. आजोबा ती वहीत लिहून ठेवायचे. त्यांच्यानंतर बाबा लिहू लागले. आता सातवी वही चालू होती.

तास संपल्याची खूण म्हणजे झाडाला टांगलेलं एक दातेरी चाक. आजोबांच्या हातून एक दात चुकीचा कापला गेला म्हणून रद्द झालेलं. त्यावर बोल्टने टोला मारायचा मान आईचा.

बाईला वाचायला लावलं ते ह्या वह्यांनी. आजोबांच्या तिरक्या अक्षरातलं एक वाक्य तिला अजून पाठ होतं. 'मुंगीने मेलेली मुंगी उचलून नेली. कुठे नेली ते दिसलं नाही.' दरवर्षी नवीन वर्ग आला की ती मुलांना मैदानात नेऊन बसवायची. हाताची घडी, तोंडावर बोट. पाच मिनिटं नुसतं बघा. मग सांगा काय दिसलं. 'छान दिसलं' चालणार नाही, काय दिसलं ते सांगा. टिकटिक त्याच वर्गातून गेलेली. बाईची सगळ्यात चांगली पाहणारी.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी बाबा नेहमीप्रमाणे झाडाच्या बाजूला, बाकाच्या टोकाला बसले. त्यांच्या शेजारची दादाची जागा रिकामी होती. एका गिऱ्हाइकाच्या पंपाचा दांडा सोमवारी सकाळी हवा होता. दादा वर्कशॉपाचं शटर आतून ओढून, यंत्र लावलं तर आवाज येईल म्हणून, कानशीने दांडा घासत बसला होता. रिकाम्या जागेपलीकडे टिकटिक, मग बाई, मग डायव्हर आणि वहिनी, दादाची बायको. आई स्टुलावर, चाकाखाली. आईने टोला मारला तेव्हा सगळे उठले, बाबा उठले नाहीत.

डॉक्टर म्हणाले होते, "अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर..." त्यांनी ते वाक्य तिथेच सोडलं, आणि ते अर्धवट वाक्य घरी येऊन राहिलं.

*

वहिनी मोरीशी भांडी विसळत होती. बाई शेजारी उभी राहून पुसत होती.

"शाळेतून परत चिठ्ठी आलीय," वहिनी म्हणाली. "हजेरीला नुसता हात वर करते म्हणे. डबा खात नाही. घसा तर चांगला आहे, तुमच्यासमोरच बघितला ना डॉक्टरांनी."

"हो."

"ह्यांनीच घाबरवलं तिला. त्या दिवशी सगळ्यांसमोर किंचाळले ना, एवढे पाच जण बसलात, एकालाही डोळे नव्हते? पोरगी समोरच उभी होती. तेव्हापासून दातखीळ बसलीय." वहिनीने पातेलं आपटलं. "मी सांगून टाकलंय, माझी मुलगी बोलेपर्यंत माझ्याशी बोलू नका. बघा बाई, नवरा-बायकोत सुद्धा अळीमिळी गुपचिळी. चांगलं घर आहे!"

बाईने एकच ताट चौथ्यांदा पुसलं. आता सांगावं, असं तिच्या मनात आलं. गेले एकवीस दिवस ते रोज येत होतं, आणि रोज त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी यायचं. औषधाची वेळ, दारावरची बेल, आईचा थकलेला चेहरा. आता मागोमाग वहिनीच बोलली.

"तुम्ही आहात म्हणून मला आधार आहे. तुमच्याजवळच जरा शांत बसते ती."

बाईने ताट ठेवलं. "मी बाबांची चादर बदलते," असं म्हणून ती तिथून निघाली. चादर सकाळीच बदललेली होती.

*

जेवणं झाली. मधले दोन रविवार दवाखान्यात गेले होते; आज आईने हात धुतले, बोल्ट उचलला आणि अंगणाकडे चालू लागली.

"आई, आज नको," डायव्हर म्हणाला. सकाळी बाकाची बाजू घेणारा तोच होता. "दादाचं पटत नाही मला, पण आज नको. मला जमणार नाही तिथे बसायला."

"का रे?"

"मी पापण्या आतून बघितल्या असं सांगायचो ना दर रविवारी, आणि तुम्ही हसायचात? त्या दिवशी खरंच झोपलो होतो मी, आई. घोरत होतो बहुतेक. बाबा..."

"झोपायची मुभा होती," आई म्हणाली. "आणि तुझे बाबा खाटेवरून बाहेर बघतायत सकाळपासून. त्यांना वार कळतो. बाक रिकामा दिसला तर त्यांना काय वाटेल, की आपल्यापायी मोडलं सगळं? ज्याला यायचं तो येईल. मी एकटी बसेन."

ती जाऊन स्टुलावर बसली. मग वहिनी गेली, टिकटिकला हाताला धरून. मग बाई. डायव्हर शेवटी आला आणि अगदी कडेला, अर्धा बाहेर असल्यासारखा टेकला. बाबांची जागा तशीच ठेवली. सगळ्यांच्या मागून दादा आला. त्याने उंबऱ्यावरची करवत ओलांडली आणि आपल्या जागेवर येऊन बसला, हाताच्या मुठी गुडघ्यांवर ठेवून. त्या बसण्यात भांडण होतं.

तास सुरू झाला.

बाईला काही दिसेना. पानं होती, प्रकाश होता, भिंतीवर ओल होती. पण तिला दिसत होता तो तीन आठवड्यांपूर्वीचा कोळी. अंगणाची भिंत आणि बाकाचा दुसऱ्या टोकाचा पाय यांच्यामध्ये त्याचं जाळं फाटलं होतं आणि तो ते दुरुस्त करत होता. एक धागा ओढायचा, मागच्या पायाने दाबायचा, पुढे सरकायचा. किती नेटका! तिने सांगायचं वाक्यसुद्धा मनात तयार करून ठेवलं होतं. तेवढ्यात तिची बाही ओढली गेली. "आत्या," टिकटिक कुजबुजली, "आजोबांची..."

बाईने मान वळवली ती फक्त क्षणभर. बाबांची हनुवटी छातीवर होती, एक हात बाकावरून खाली लोंबत होता. डोळा लागलाय. तिने बोट ओठांवर ठेवलं. डोळे मोठे करून, वर्गात करते तसं. आणि परत कोळ्याकडे वळली.

टिकटिकने हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. शहाण्या मुलीसारखं. चाळीस मिनिटं ती तशीच बसून होती, आणि चाळीस मिनिटं तिचे डोळे बाबांवर होते. आईचा टोला पडला, आरडाओरडा झाला, डायव्हरने बाबांना उचललं, तेव्हाही ते बोट ओठांवरच होतं. ते एकट्या बाईने पाहिलं.

आज तीच मुलगी तिच्या कुशीला टेकून बसली होती. बाईने हळूच खाली बघितलं. टिकटिकचे हात मांडीवर होते, पण उजव्या हाताची तर्जनी बाकीच्या बोटांपासून वेगळी, ताठ धरलेली होती. लिहिताना पेन्सिल काढून घेतली तर राहावी तशी.

मग बाईला बाकी काही बघायची गरज उरली नाही.

*

आईने टोला मारला. चाकाचा आवाज बराच वेळ हवेत राहिला.

"लहानापासून," आई म्हणाली. तिने वही बाईच्या हातात दिली. "आता तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे." वहीत तीन आठवड्यांपूर्वीची तारीख बाबांनी जेवणाआधीच घालून ठेवली होती. खाली पान कोरं होतं.

सगळे टिकटिककडे बघू लागले. वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "सांग बाळा. काहीही सांग. एक शब्द सांग." मुलीने मान खाली घातली.

"आज माझी पाळी आधी," बाई म्हणाली.

"नियम..." डायव्हर सवयीने पुटपुटला.

"नियम मला माहितीय. आजचं नाही सांगत मी. त्या दिवशीचं राहिलंय." तिने वही मिटली. "मी कोळी बघत होते. टिकटिकने माझी बाही ओढली. तास सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, जास्त नाही. आजोबांची, एवढं म्हणाली ती. मी पुढचं ऐकलं नाही. मी बाबांकडे बघितलं, त्यांचा हात खाली लोंबत होता तो मला दिसला, आणि मी तिला तोंडावर बोट ठेवायला लावलं. तिने ठेवलं. तिला दिसलं होतं. तिने सांगायचा प्रयत्न केला होता. गप्प मी केलं तिला."

मग दादा उठला.

"परत सांग."

"दादा, ऐकलंस तू."

"पंधरा-वीस मिनिटं? म्हणजे चाळीस मिनिटं होती आपल्या हातात?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. "शाळेत चौतीस पोरांना रोज गप्प करतेस. इथे एकीला केलंस, आणि तिच्याबरोबर बापाला. पोरांचं बंद तोंड उघडता येतं, बाई. त्यांचं येईल का?"

"नाही."

"दादा, बस कर," डायव्हर म्हणाला. पण तो बाईकडे बघतही नव्हता.

"मी ह्यांना दोष देत होते," वहिनी सावकाश म्हणाली. प्रत्येक शब्द ती उचलून ठेवत असल्यासारखी. "तीन आठवडे. तुम्ही माझ्याबरोबर घशाच्या डॉक्टरकडे आलात. दोन तास शेजारी बसलात. मघाशी ताटं पुसलीत. तेव्हासुद्धा नाही बोललात?" तिने मुलीचा हात धरला. "इकडे ये. आत्याजवळ नको बसू."

टिकटिक जागची हलली नाही.

"ये म्हणते ना!"

"चप्पल," टिकटिक म्हणाली.

आवाज खरखरीत होता, ओळखू न येण्यासारखा. वहिनीचा हात सुटला.

"आजोबांची चप्पल निसटली," टिकटिक म्हणाली. ती समोर बघत होती, वर्गात उभी राहून सांगावं तशी. "आधी चप्पल. मग पाय वाकडा झाला. मग हात खाली आला. तोंडातून पाणी आलं, एक थेंब, मग सगळं. त्यांच्या बोटावर मुंगळा चढला. मनगटापर्यंत गेला. त्यांनी झटकला नाही. आजोबा मुंगळा कधीच झटकत नाहीत, फुंकर घालतात. त्यांनी फुंकर घातली नाही. तेव्हा मला कळलं." ती थांबली. "पण मी नियम पाळला. मी मोडायला पाहिजे होता ना?"

"नाही गं," बाई म्हणाली. "ते मी करायला पाहिजे होतं. मोठी मी होते. तू सांगितलंस. मी ऐकलं नाही."

आईने बोल्ट मांडीवर आडवा ठेवला होता आणि दोन्ही हातांनी धरला होता. बाई तिच्याकडे बघायला धजत नव्हती. बघितलं तेव्हा आई रडत नव्हती; ती एकदम खूप म्हातारी दिसत होती.

"लिही," आई म्हणाली.

"काय?"

"ती बोलली ते. त्या तारखेखाली. मुंगळ्यासकट. आणि त्याच्याखाली तुझं लिही. गाळू नकोस काही." आणि थोड्या वेळाने, "मला तुझ्याशी काय बोलावं ते आज कळत नाही, बाई. विचारू नकोस. उद्याही विचारू नकोस."

बाईने वही उघडली. खिडकीतून बाबांचा आवाज आला, घशातून ओढलेला, "आ... आ..." ते रोज असाच आवाज काढायचे. पाणी हवं असलं तरी, ऊन डोळ्यावर आलं तरी. त्यांनी सगळं ऐकलं असेल का, आणि ऐकलं असेल तर हा त्याचाच जबाब आहे का, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. डायव्हर उठून त्यांच्याकडे गेला.

दादा अंगण ओलांडून वर्कशॉपाकडे चालत गेला. त्याने शटर वर केलं, पूर्ण, धाडकन. दिवा लागला. मग लेथ सुरू झाला.

तीन पिढ्यांत रविवारी तो आवाज त्या अंगणात कुणी ऐकला नव्हता. पट्ट्याची फडफड, मग लोखंडाला हत्यार लागल्याची लांब कर्कश किंकाळी. झाडावरचं चाकसुद्धा त्या हादऱ्याने बारीक थरथरू लागलं. आईने एकदा त्या चाकाकडे बघितलं, उठली, आणि बोल्ट स्टुलावर ठेवून आत गेली. वहिनी काही वेळ उभी राहिली. मुलगी येत नाही हे बघून तीही गेली.

बाकावर दोघीच उरल्या. बाईने लिहिलं, चप्पल, पाय, हात. लिहिताना अक्षर वाकडं येत होतं. तेवढ्यात टिकटिक तिच्या कानाशी आली आणि बोलू लागली. यंत्राच्या वर आवाज पोचावा म्हणून ओरडून बोलू लागली. शाळेतल्या कुणाबद्दल तरी, डॉक्टरच्या चिमट्याबद्दल, आजोबांच्या नखाबद्दल, एका पाखराबद्दल ज्याला एकच पाय होता. एकवीस दिवसांचं सगळं, एका दमात, एकात एक घुसलेलं. निम्मं ऐकू येत नव्हतं. मध्येच ती रडत होती आणि रडता रडताही बोलत होती. लेथ थांबेना, आणि तीही थांबेना.

वही बाईच्या मांडीवरून खाली घसरली. तिने उचलली नाही. उजवा हात सवयीने ओठांकडे वर आला होता. तो तिने डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला आणि कान तिच्याकडे केला.